गोल्फमधली बोगी म्हणजे काय? (लोकलची सोडून)

टिळकनगरकर
सोमवार, रात्री १०:२०

मंडळी, आधी कोणी असा धागा काढला असेल तर दुवा द्या, मला शोधून सापडला नाही.

मी चेंबूरचाच. इथला गोल्फ क्लब १९२७चा, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्याही कितीतरी आधीचा. चव्वेचाळीस वर्षं त्याची भिंत बाहेरून बघतोय. आत काय चालतं ते कधी कळलं नाही आणि खरं सांगायचं तर अडलंही नाही. आता अडलंय. आमच्या नव्या साहेबांनी फर्मान काढलंय, शनिवारी अख्ख्या टीमने खारघरला गोल्फ खेळायला यायचं. सोबतच्या मेलमधलं एक वाक्य जसंच्या तसं देतो: टी टाइम ६:४०, स्ट्रोक प्ले, मॅक्स हँडिकॅप ५४, नो मलिगन्स.

ह्यातला 'टी टाइम' तेवढा कळला. सकाळी सहा चाळीसला चहा. उत्तम.

बाकी पार, बर्डी, बोगी सगळं डोक्यावरून जातंय. बोगी म्हटलं की मला लोकलचा डबाच आठवतो. कोणीतरी साध्या मराठीत सांगा. नियमांचं पुस्तक नको, चारचौघांत तोंड उघडता आलं म्हणजे झालं.


हार्बर_लाइनचा_राजा
सोमवार, रात्री १०:३१

हहपुवा. अरे बाबा, टी टाइम म्हणजे चहा नव्हे, खेळ सुरू करायची तुमची ठरलेली वेळ. टी म्हणजे ती छोटी लाकडी खुंटी. ती जमिनीत खोचायची, तिच्यावर बॉल ठेवायचा आणि पहिला शॉट मारायचा. पुढच्या शॉट्सना खुंटी नाही, बॉल जिथे पडेल तिथून. ६:४०ला पोचलास तर गेलास. सहाला हजर राहा, चहा घरून पिऊन ये.


निवृत्त_नाविक
सोमवार, रात्री ११:०५

टिळकनगरकर, घाबरू नका. मी नौदलात असताना कुलाब्याला समुद्राकाठी शिकलो, तिथला वारा सोसला की बाकी सगळं सोपं वाटतं. एकेक घेऊ.

गोट्या खेळला असाल ना? गल खणायची, लांबून टप्प्याटप्प्याने गोटी गलीत घालायची, ज्याला कमी वेळ लागला तो भारी. गोल्फ हेच आहे, फक्त गल चारशे यार्डांवर. होल सव्वाचार इंच व्यासाचा, बॉल एक पूर्णांक अडुसष्ट इंचाचा, वजन जेमतेम ४६ ग्रॅम. असे १८ होल.

आता पार. प्रत्येक होलला एक आकडा ठरवलेला असतो, चांगल्या खेळाडूला इथे किती फटके लागावेत तो. अडीचशे यार्डांच्या आतला होल बहुधा पार ३, साडेचारशेच्या पुढचा पार ५, मधले पार ४. हिशोबाची मेख अशी, की त्या आकड्यात ग्रीनवरचे दोन फटके आधीच धरलेले असतात. म्हणजे पार ४ असेल तर दोन फटक्यांत ग्रीनपर्यंत पोचा आणि दोन पटमध्ये बॉल आत. ग्रीन म्हणजे होलाभोवतीचं गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत. तिथे बॉल उडवत नाहीत, घरंगळवतात, त्याला पट म्हणतात आणि त्या क्लबला (खेळायच्या काठीलाही क्लबच म्हणतात) पटर. १८ होलांची बेरीज बऱ्याच कोर्सवर ७२ येते.

पारपेक्षा एक कमी लागला तर बर्डी, दोन कमी ईगल, तीन कमी अल्बट्रॉस. पक्षी जेवढा मोठा तेवढा दुर्मिळ. बर्डी हा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अटलांटिक सिटीला रुळला. तिथे तेव्हा झकास गोष्टीला 'बर्ड' म्हणायची फॅशन होती. तुम्हाला शनिवारी ह्यातला एकही पक्षी दिसणार नाही, वाईट वाटून घेऊ नका.

एक जास्त लागला तर बोगी. दोन जास्त डबल बोगी, तीन जास्त ट्रिपल. बोगीचा उगम म्हणजे आपला बागुलबुवा! १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये 'बोगी मॅन'चं एक गाणं गाजत होतं. होलच्या ठरलेल्या आकड्याशी सामना करणं म्हणजे त्या बागुलबुवाशी खेळणं, अशी थट्टा सुरू झाली आणि नाव चिकटलं. तेव्हा बोगी म्हणजे आजच्या पारसारखाच प्रमाण आकडा होता. पुढे खेळ सुधारला, पार कडक झाला आणि बोगी एक पायरी खाली घसरली.


टिळकनगरकर
सोमवार, रात्री ११:१८

दंडवत काका. म्हणजे डबल बोगी, ट्रिपल बोगी... मी बारा डब्यांची लावणार असं दिसतंय.


माहीमची_मावशी
मंगळवार, सकाळी ७:४०

टोकियो ऑलिंपिकची आठवण झाली. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. पहाटेपासून आमच्या घरात टीव्ही सुरू, आपली गोल्फर अदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ. आम्ही चौघं डोळे ताणून बसलेलो आणि एकालाही खेळ कळत नव्हता. स्क्रीनवर तिच्या नावापुढे वजा १५ दिसायचं. आमचे हे म्हणाले, "वजा पंधरा म्हणजे बिचारी खूपच मागे पडली." सुनेने फोनवर शोधून सांगितलं की वजा जेवढं जास्त तेवढं चांगलं, तेव्हा सगळे पुन्हा सरसावून बसले. मध्येच वादळामुळे खेळ थांबला होता. शेवटी चौथी आली, एका फटक्याने कांस्य गेलं. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि लोक सकाळ विसरून गेले. मी नाही विसरले.

तर ते वजा १५ कसं मोजतात ते आज कळलं. धन्यवाद नाविकभाऊ.


निवृत्त_नाविक
मंगळवार, सकाळी ८:१०

मावशी, हिशोब मांडूनच दाखवतो. त्या कोर्सचा पार ७१. चार दिवस चार फेऱ्या, म्हणजे २८४. अदितीचे आकडे ६७, ६६, ६८, ६८. बेरीज २६९. पारपेक्षा १५ कमी, म्हणून वजा १५. कांस्यवाली लिडिया को वजा १६.


व्याकरणवाले_बापट
मंगळवार, सकाळी ९:०२

इतके परकीय शब्द पाहून वाईट वाटले. ग्रीनला हिरवळ, बंकरला वाळूगर्त, होलला खळगा, फेअरवेला (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला) राजपट्टी म्हणता येईल. पारला मात्र पार चालेल, तो आपलाच आहे.


हार्बर_लाइनचा_राजा
मंगळवार, सकाळी ९:०६

"साहेब, माझा चेंडू राजपट्टीवरून वाळूगर्तेत गेला." बापट, पार वाट लागेल. शनिवारी ह्याची नोकरी जाईल.


कॅडीचा_पोरगा
मंगळवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे वडील मुंबईतल्याच एका क्लबात एकतीस वर्षं कॅडी होते. म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलणारे, असं लोकांना वाटतं. बॅग हा अर्धा भाग. अंतर सांगणं, कुठला क्लब घ्यायचा ते सांगणं, ग्रीनवर उकिडवं बसून उतार कुठे आहे ते बघणं आणि साहेबाचा मूड सांभाळणं, हा खरा धंदा. बाबा प्रत्येक नवशिक्याला पहिल्या टीवर एकच सांगायचे, "तुम्ही बॉलकडे बघा, बॉल कुठे जातो ते मी बघतो." कारण नवीन माणूस मारायच्या आधीच मान वर करतो. मान वर झाली की क्लब बॉलच्या डोक्याला लागतो आणि बॉल सरपटत जातो. त्याला 'टॉप झाला' म्हणायचं. उलटं, बॉलच्या आधी जमिनीत खणला तर 'फॅट'. आणि जे ढेकूळ उडतं ते डिव्हट. ते उचलून परत जागेवर ठेवून पायाने दाबायचं, नाहीतर कॅडी मनातल्या मनात शिव्या देतो. आमच्या घरी त्या मोठ्याने ऐकू यायच्या.

आणखी दोन शब्द ह्याला लागणारच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल हवेत वळून उजवीकडे पळाला तर स्लाइस, डावीकडे गेला तर हुक. नवशिक्यांपैकी दहातले आठ स्लाइस मारतात, हे बाबांचं गणित, कुठे छापलेलं नाही.

क्लब जास्तीत जास्त १४ नेता येतात. तुला भाड्याने अर्धा सेट देतील, तेवढा बास. सगळ्यात लांब दांड्याचा, मोठ्या डोक्याचा तो ड्रायव्हर, त्याच्या नादी लागू नकोस. आयर्नवर, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबवर, आकडे असतात. आकडा वाढला की तोंड जास्त तिरकं, बॉल उंच जातो आणि लवकर पडतो. ७ नंबर धरून दिवसभर खेळ. वाळूत गेलास तर सँड वेज. ग्रीनवर पटर. संपलं.

कॅडीला कमी लेखू नका म्हणून एक सांगतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीचा कॅडी होता. २००९ला जिंकलेला मुनियप्पा, तोही एकेकाळी कॅडीच. आणि टिळकनगरकर, तुमच्याच चेंबूरच्या वस्तीतली पोरं लोखंडी सळई वाकवून तिचा क्लब करतात आणि प्लास्टिकच्या बॉलने गल्लीबोळात गोल्फ खेळतात. चव्वेचाळीस वर्षं भिंतीकडे बघत बसलात, पाठीमागे बघायला हवं होतं.


टिळकनगरकर
मंगळवार, दुपारी २:१५

ही चपराक मान्य. ती पोरं मी पाहिलीयत, मला वाटायचं हॉकी चाललीय.

हँडिकॅप ५४ आणि मलिगन राहिलं.


गल्ली_क्रिकेटर_दादर
मंगळवार, दुपारी २:४०

मलिगन मला माहितीये! आपला ट्रायल बॉल. पहिला शॉट फसला की 'हा धरू नका' म्हणत दुसरा मारायचा. नियमांत नाही, दोस्तीत चालतो. तुमच्या साहेबांनी ट्रायल बॉल बंद केलाय, माणूस कडक दिसतो.

आणि एक इशारा. कोणी 'फोर!' ओरडलं तर टाळ्या वाजवू नकोस. मी वाजवलेल्या. तो चौकार नाही, बॉल माणसांकडे येतोय, डोकं सांभाळा, असा अर्थ. दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली वाकायचं. माझ्या कानाजवळून गेला तो, आवाज अजून आठवतो.


निवृत्त_नाविक
मंगळवार, रात्री ९:३०

हँडिकॅप म्हणजे लहानपणीचं 'कच्चं लिंबू', फक्त इथे लिंबू किती कच्चं ते दशांशात मोजतात. तुम्ही सहसा पारपेक्षा किती जास्त घेता त्यावरून एक आकडा ठरतो आणि तेवढे फटके तुम्हाला सूट मिळतात. त्यामुळे माझ्यासारखा म्हातारा आणि एखादा पट्टीचा खेळाडू एकत्र खेळून निकाल चुरशीचा लागू शकतो. दुसऱ्या कुठल्या खेळात ही सोय एवढी पक्की बसवलेली मी पाहिली नाही. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली, तिच्यात कमाल आकडा ५४. म्हणजे १८ होलांना प्रत्येकी तीन फटके माफ. आकडा लहान तितका खेळाडू मोठा, हे लक्षात ठेवा. साहेबांनी 'माझा बारा' म्हटलं तर सहानुभूती दाखवू नका, कौतुक करा.

स्ट्रोक प्ले म्हणजे सगळ्या फटक्यांची सरळ बेरीज. दुसरा प्रकार मॅच प्ले, त्यात एकेक होल जिंकायचा. एका होलला पंधरा लागले तरी एकच होल गेला. नवशिक्यांना खरं तर स्टेबलफोर्ड द्यावा. त्यात गुण असतात, पारला २, बर्डीला ३, बोगीला १ आणि फारच बिघडलं तर शून्य घेऊन बॉल खिशात टाकून पुढे चालायचं. हे सगळे हँडिकॅपची सूट वजा करून.

खुंट्यांचे रंग: पांढऱ्या म्हणजे कोर्सची हद्द, पलीकडे आउट ऑफ बाउंड्स, थोडक्यात ओबी. एक दंडाचा फटका आणि परत आधीच्याच जागेवरून. लाल किंवा पिवळ्या म्हणजे पाणी, नाला वगैरे. तिथे जमलं तर दंडाशिवाय खेळता येतं, नाहीतर एक दंड भरून बाहेर ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडायचा. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, २०१९ पासून. बॉल शोधायला वेळ फक्त तीन मिनिटं, पूर्वी पाच होती.


माहीमची_मावशी
मंगळवार, रात्री ९:४४

पावसाचं काय? अजून डबकी आहेत सगळीकडे. आणि कावळ्याने बॉल उचलून नेला तर?


कॅडीचा_पोरगा
मंगळवार, रात्री १०:०२

मावशी, मुंबईचा प्रश्न विचारलात. पावसाने साचलेल्या पाण्यात गेला तर दंड नाही, नियमाप्रमाणे कोरड्या जागी ड्रॉप करायचा. चिखलात स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तरी बहुतेक वेळा फुकट सूट, त्याला 'प्लग झाला' म्हणतात. बंकरच्या वाळूत रुतला तर मात्र नाही. कावळ्याने नेला हे नक्की दिसलं असेल तर पहिल्या जागी दुसरा बॉल ठेवायचा, दंड शून्य. नुसतं 'कावळ्यानेच नेला असेल' म्हणून चालत नाही. बाबा म्हणायचे, हरवलेल्या बॉलांपैकी निम्मे कावळ्याच्या नावावर खपतात.


व्याकरणवाले_बापट
मंगळवार, रात्री १०:३०

कच्चे लिंबू उत्तम. तो शब्द स्वीकारावा.


टिळकनगरकर
रविवार, सकाळी ११:१५

मंडळी, जाऊन आलो. जिवंत आहे, कंबर नाही.

खारघरचं कोर्स सिडकोने बांधलेलं, डोंगराच्या कुशीत. सहाला पोचलो तेव्हा डोंगरावर ढग टेकलेले आणि गवत इतकं ओलं की दहा मिनिटांत मोजे भिजले. मी उगाच इतकी वर्षं फक्त रविवारी भाजीसाठी लवकर उठलो.

बाकीचं सोडा, तिसरा होल सांगतो, कारण तो मी मिरवणार आहे. पार ४. खुंटीवर बॉल ठेवला, ७ नंबर घेतला, कॅडीबाबांचं वाक्य आठवलं, बॉलकडे बघितलं आणि फिरवला. क्लब नुसताच हवेतून गेला, बॉल खुंटीवर तसाच, जणू काही झालंच नाही. सगळे सभ्यपणे डोंगराकडे बघू लागले. परत मारला, तो मस्त उडाला आणि केळ्यासारखा उजवीकडे वळून पांढऱ्या खुंट्यांपलीकडे. स्लाइस! शब्द माहीत असल्यामुळे दुःख कमी झालं. पुन्हा खुंटीवरून मारला, तो टॉप, सरपटत गेला. मग ७ नंबरचा एक असा लागला की हाताला काही जाणवलंच नाही, नुसता 'टक्' आवाज, आणि बॉल ग्रीनपर्यंत. म्हणजे ग्रीनशेजारच्या बंकरमध्ये. पण काय उडाला हो! साहेबसुद्धा "वा" म्हणाले. वाळूत एकदा मारला, बॉल जागचा फुटभर हलला, वाळू माझ्या तोंडात. दुसऱ्यांदा ग्रीनवर. एक पट होलाच्या पुढे गेला, दुसरा वीतभर अलीकडे थांबला. साहेब म्हणाले "दिला, उचल."

तर एकूण ७. ट्रिपल बोगी. पहिल्याच दिवशी! कार्डावर लिहिलं आणि फोटोही काढला.


गल्ली_क्रिकेटर_दादर
रविवार, सकाळी ११:२२

पार्टी!


निवृत्त_नाविक
रविवार, सकाळी ११:५०

अभिनंदन. तो 'टक्'वाला शॉट तुम्हाला पुढची दहा वर्षं कोर्सवर ओढत नेणार, सांगून ठेवतो.

पण कार्ड. बॉल मारायच्या इराद्याने क्लब फिरवला की तो फटका झाला, लागो न लागो. (क्लब टेकवताना चुकून धक्का लागून बॉल खुंटीवरून पडला असता तर गोष्ट वेगळी, तो मोजत नाहीत.) तेव्हा हवेतला १. ओबी गेलेला २. ओबीचा दंड ३. पुन्हा टीवरून तो टॉप, ४. छान लागलेला ५. वाळूतले ६ आणि ७. दोन पट, ८ आणि ९. आणि 'दिला' म्हणजे बॉल आत घालायचे कष्ट माफ, फटका माफ नव्हे. मुळात स्ट्रोक प्लेमध्ये 'दिला' हा प्रकारच नाही, पण साहेबांना कोण सांगणार. तो १०.


टिळकनगरकर
रविवार, दुपारी १२:०४

दहा?? काका, मी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलाय.


निवृत्त_नाविक
रविवार, दुपारी १२:१०

थोडा दिलासा. तुम्हाला अजून अधिकृत हँडिकॅप नाही. तो काढायला कार्ड दिलंत तर एका होलला पार अधिक ५, म्हणजे इथे ९, ह्याच्यावर धरत नाहीत. तेव्हा हँडिकॅपच्या वहीत ९.


कॅडीचा_पोरगा
रविवार, दुपारी १२:३३

थांबा. वाळूत पहिला मारायच्या आधी क्लब बॉलच्या मागे वाळूवर टेकवला होता का?


टिळकनगरकर
रविवार, दुपारी १२:४०

हो, टेकवला. नीट नेम धरायला नको? का?


कॅडीचा_पोरगा
रविवार, दुपारी १२:४१

दोन दंड.


हार्बर_लाइनचा_राजा
रविवार, दुपारी १२:४३

फॅमिली ग्रुपला कळवून टाक: वहीत ९ डब्यांची, प्रत्यक्षात १२ डब्यांची.